गाडीच्या पोटाला तेल

उभी असताना गाडी अगदी शहाण्यासारखी वागायची. चावी फिरवली की लगेच सुरू, आवाज एकसारखा, समोरच्या पट्टीवर एकही लाल दिवा नाही. सपाट रस्त्यावर संथ चालवली तरी तक्रार नाही. पण पालघरच्या रेल्वेवरच्या पुलाचा चढ आला आणि मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पुढून थरथर सुरू व्हायची. आधी पायाखाली, मग स्टिअरिंगवर, मग शेजारी बसलेल्या सासऱ्यांच्या मांडीवरच्या पिशवीत. पिशवीतल्या औषधाच्या बाटल्या एकमेकींवर वाजायला लागायच्या. पाय काढला की सगळं शांत.

"पुलावरनं आगगाडी बघून घाबरते ती," सासरे म्हणायचे. मी हसायचे, पण ते हसू पुलाच्या उतारापर्यंतच टिकायचं.

आमचं घर माकुणसारला, वाडीत. चिकू, नारळ, थोडी केळी. मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. नवरा मस्कतला नोकरीला, त्यामुळे घरात मी आणि सासरे, दोघंच. सासऱ्यांचं हृदय गेल्या वर्षापासून कमजोर झालं आहे. दम लागायला लागला की त्यांना पालघरच्या हॉस्पिटलात न्यावं लागतं, आणि तेव्हा रिक्षा शोधत बसायला वेळ नसतो. एकदा संध्याकाळी असंच नेलं होतं. गाडी होती म्हणून वेळेत पोचलात, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य मस्कतपर्यंत गेलं आणि तिथून उलटं होऊन परत आलं. "आणि गाडी बंद पडली असती तर?" नवऱ्याने विचारलं.

त्यावर आम्ही दोघांनी फोनवर ठरवलं ते असं. गाडीचा भरवसा असेपर्यंत माकुणसार. भरवसा सुटला की बोईसरला फ्लॅट, हॉस्पिटल आणि कारखाना दोन्ही जवळ. मी एक फ्लॅट बघूनही ठेवला होता. लिफ्ट होती, पाणी होतं, खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसत होत्या. दलाल दिवाळीच्या आत उत्तर मागत होता. सासऱ्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते ओट्यावर बसून कोयत्याची मूठ आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "गाडी चालते तवर आपण हितंच. नाय चालली मंग बघू." वाडी विकता का विचारायला येणाऱ्या माणसांनाही ते याच आवाजात 'बघू' म्हणतात. तो 'बघू' कुणालाच दिसलेला नाही.

म्हणून गाडीची ती थरथर माझ्यासाठी नुसती थरथर नव्हती.

मी याद्या करणारी बाई आहे. फ्रिजच्या दारावर औषधांची यादी, पाण्याच्या मोटरच्या वेळांची यादी, कारखान्यात तर विचारूच नका. सासरे चेष्टा करतात. पण यादी केली की निम्मी भीती कागदावर उतरते, असा माझा अनुभव आहे. गाडीची यादीही केली. काय काय बिघडलं असेल ते एका खाली एक लिहिलं आणि बोईसरच्या गॅरेजवाल्याकडे गेले.

हा गॅरेजवाला मनोरचा. हात कामाला लागण्याआधी तोंड कामाला लागतं. गाडी अजून गेटमध्ये होती आणि त्याने निकाल दिला, "प्लग गेलेत, मॅडम."

"बघितल्याशिवाय?"

"आवाजावरनं कळतंय. पंचवीस वर्षं नुसता आवाज ऐकतोय मी."

प्लग बदलले. पुलावर गाडी थरथरली. पुढच्या आठवड्यात तो म्हणाला, चाकांचं बॅलन्सिंग गेलं असणार. ते करून घेतलं. पुलावर गाडी थरथरली. मग म्हणाला, पेट्रोलची वाट तुंबली आहे, साफ करावी लागेल.

"तुमी पेट्रोल कुठलं भरता?"

"तुम्ही भरता तिथलंच. परवा माझ्या पुढे रांगेत तुम्हीच होता."

"मंग पेट्रोल चांगलंच हाय," तो म्हणाला, आणि तरीही साफसफाई केली. गाडी पुलावर पुन्हा थरथरली, उलट थोडी जास्तच.

घरी सासऱ्यांचं निदान वेगळं होतं. "तिला खारं वारं बाधलंय. या टायमाला पोटाला तेल उशिरा झालं."

हे पोटाला तेल काय, ते सांगायला हवं. आमच्या किनाऱ्याच्या पट्ट्यात लोखंड फार जगत नाही. खाडीवरून येणारं वारं सगळ्याला खातं, खिडकीचे गज, विळे, पंप, गेटच्या बिजागऱ्या. म्हणून पावसाआधी आणि पावसानंतर घरातल्या प्रत्येक लोखंडाला तेल लावायचं, ही इथली रीत. पूर्वी तेल करंजाचं असायचं, आता इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल, त्यात थोडं डिझेल घालून पातळ केलेलं. गाडी घरात आली तेव्हा सासऱ्यांनी तिलाही त्या यादीत घेतलं. यादीचं वेड मला या घरात आल्यावरच लागलं असेल का, असं कधीकधी वाटतं.

बाकीचे लोक ब्रशने किंवा चिंधीने लावतात. सासऱ्यांनी फवारणीचा पंप काढला. आयुष्यभर त्यांनी याच पंपाने झाडांवर औषध मारलं होतं, आणि फवारणीचा त्यांचा एकच नियम होता, पानाच्या वरून मारणारा शेतकरी नव्हे, रोग पानाच्या खाली बसतो. तोच नियम त्यांनी गाडीला लावला. नांगरणीचा टिलर धुण्यासाठी वाडीत सिमेंटचे दोन चढ बांधलेले आहेत, मधे माणूस बसेल इतकी खोल जागा. मी गाडी त्यावर चढवून द्यायची, ते खाली पाटावर बसून लांब नळीने फवारायचे. सांदीकोपरा, मागची बाजू, आतली बाजू, काही सोडायचे नाहीत. बाहेर यायचे तेव्हा चेहऱ्यावर काळे ठिपके आणि मोठं समाधान. पाठीवर पंप घ्यायला डॉक्टरांनी बंदी केल्यापासून वाडीची सगळी कामं दुसऱ्यांच्या हाती गेली. जमिनीवर पंप ठेवून करता येणारं हे एकच काम त्यांच्याकडे उरलं होतं. "तुझी गाडी मी टिकवली," हे ते वर्षातून दोनदा म्हणायचे आणि ते ऐकून घ्यायची मला सवय झाली होती.

थरथर सुरू झाल्यावर त्यांनी या वर्षी एक फवारणी जादा केली.

एका रविवारी सकाळी मी ठरवलं की आता काय बिघडलं असेल याची यादी पुरे, थरथर नेमकी कधी होते आणि कधी होत नाही ते बघायचं. केळव्याच्या बाजूचा मोकळा रस्ता धरला. आधी गाडी उभी ठेवून इंजिन जोरात फिरवलं. थरथर नाही. मग वेग घेऊन गिअर काढला आणि नुसती वाहू दिली. तरी नाही. त्याच वेगात पाय हलका ठेवून चालवली, नाही. तोच वेग, तोच गिअर, आणि पाय दाबला, की आली. भार जितका जास्त तितकी थरथर जास्त.

म्हणजे इंजिन आपल्या जागी ठीक होतं. चाकंही ठीक होती, नाहीतर वाहत्या गाडीत ती थरथरली असती. दुखणं मधे कुठेतरी होतं, इंजिनाचा जोर चाकापर्यंत जातो त्या वाटेवर.

हे मी गॅरेजवाल्याला सांगितलं तेव्हा त्याने कमरेवर हात ठेवले. "मंग मला कशाला ठेवलंय? पाना देतो, तुमीच खोला."

"पाना तुम्हीच धरा. फक्त या वेळी खालून बघू या."

गाडी लिफ्टवर चढली. खाली वाकून त्याने बॅटरी मारली आणि शीळ घातली. "मॅडम, गाडीला मालिश करता काय तुमी?"

सगळं पोट काळं, ओलं, चकचकीत. त्यावर रस्त्याची धूळ बसून जाड साय धरलेली. त्याने बोट फिरवलं आणि लगेच नवा निकाल दिला. "इंजिन गळतंय. सगळी सीलं बदलावी लागतील. इंजिन उतरवायचं काम हाय."

इंजिन उतरवायचं म्हटल्यावर मला त्या फ्लॅटसमोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसल्या. मी पुढे होऊन एक थेंब बोटावर घेतला आणि नाकाशी नेला. डिझेलचा वास. माझी गाडी पेट्रोलवर चालते.

"हे इंजिनातलं नाही," मी म्हटलं. "हे घरचं आहे. आधी धुवा, मग काय गळतंय ते बोला."

तो कुरकुरला, पण धुतलं. आणि धुतल्यावर जे इतके आठवडे तेलाखाली झाकलेलं होतं ते समोर आलं. इंजिनाचा जोर चाकाला देणारा जो दांडा असतो, गॅरेजवाले त्याला एक्सल म्हणतात, त्याच्या इंजिनाकडच्या टोकाला एक सांधा असतो. सांध्यावर घड्या घड्यांचं रबरी टोपण असतं, त्यात ग्रीस भरलेलं. ते टोपण घडीवर फाटलं होतं. ग्रीस केव्हाच बाहेर उडालं होतं आणि आत बारीक वाळू गेली होती. गॅरेजवाल्याने दांडा हाताने हलवला, सांध्यात खडखड झाली. "हा घ्या तुमचा थरथराट. जोर पडला की सांधा डुगडुगतो. ग्रीस उडालेलं दिसलं असतं तर पयल्याच दिवशी सांगितलं असतं. पण या तेलात काय दिसणार?"

पहिल्या दिवशी त्याने खाली बघितलंच नव्हतं, याची मी त्याला आठवण करून दिली नाही. माझं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर बसतं, ज्याला ते फाउंडेशन म्हणतात, त्यातला एक ठोकळा फुगला होता. अंगठ्याने दाबला तर शिळ्या जिलबीसारखा दबला आणि बोटाला काळं चिकटलं.

असं रबर मी ओळखते. आमच्या स्टोअरमध्ये रबरी वॉशर आणि पट्ट्या ठेवायचं वेगळं कपाट आहे. त्यावर मी स्वतः बोर्ड लावला आहे: 'तेलाचे डबे येथे ठेवू नयेत.' साधं रबर तेल पितं, फुगतं, मऊ पडतं आणि मग फाटतं. नवीन माणूस कामाला आला की त्याला मी पहिल्या दिवशी हे सांगते.

तेल लोखंडाला वाचवत होतं आणि रबराला खात होतं. पानाच्या खालच्या बाजूलासुद्धा पोचलं होतं ते.

सुटे भाग मागवून बसवेपर्यंत मी गॅरेजच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले. समोरच्या टपरीवरून चहा आला. थरथरीचं कारण सापडलं याचा आनंद व्हायला हवा होता, पण मी बसल्या बसल्या घरी काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते. काहीच सांगायचं नाही, हे सगळ्यात सोपं. गॅरेजवाला म्हणतो, आता तेलाचं काम गॅरेजमध्येच करायचं, असं त्याच्या नावावर खपवायचं. किंवा पंपाचं नोझल हरवलं असं करायचं. यातलं काहीही चाललं असतं. पण सासऱ्यांना माकुणसारला राहायचं होतं, आणि राहणं गाडीवर अवलंबून होतं, आणि ती गाडी ते स्वतःच्या हाताने टिकवतायत असं त्यांना वाटत होतं. ते काम काढून घेतलं तर वाडीतल्या ओट्यावर बसलेला माणूस आणि बोईसरच्या तिसऱ्या मजल्यावर बसलेला माणूस, यात मग फरक काय राहतो? आणि खरं सांगितलं तर? आपल्याच हाताने आपण घर सोडायची वेळ आणत होतो, हे ऐकून ते दोन शब्दांत 'चल बोईसरला' म्हणतील, ही मला भीती होती. ते तसे आहेत. चूक कळली की ती पदरात घेऊन मोकळे होतात, स्वतःला सवलत देत नाहीत.

गाडी तयार झाली. पालघरच्या पुलावर मी मुद्दाम जोरात पाय दाबला. ती सरळ वर गेली. जुनी रबरं मी पिशवीत घालून बरोबर घेतली होती. तोपर्यंत माझं ठरलं होतं. ज्या माणसाने मला या घरात आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात चिकूचा चीक हाताला लागू न देता फळ कसं काढायचं ते शिकवलं, त्याला मी खोट्या नोझलची गोष्ट सांगणार नव्हते.

दुपारी जेवण झाल्यावर ओट्यावर वर्तमानपत्र पसरून रबरं त्यावर ठेवली. फाटलेलं टोपण, फुगलेला ठोकळा, आणि शेजारी गॅरेजमधून मागून आणलेला तसाच एक कोरा ठोकळा. सासऱ्यांनी आधी कोरा दाबला, मग जुना. पुन्हा कोरा, पुन्हा जुना. त्यांचा अंगठा जुन्यात रुतला. त्यांनी तो नाकाशी नेऊन वास घेतला. वास त्यांच्याच पंपाचा होता.

"म्हणजे मीच खाल्ली व्हय गाडी."

"लोखंड टिकलंय, बाबा. गॅरेजवाला म्हणाला, एवढ्या जुन्या गाडीचा पत्रा इतका चांगला त्याने बघितला नाही." हे खरं होतं. तो खरंच असं म्हणाला होता. "फक्त रबराला तेल चालत नाही."

"तुला ठावं होतं?"

"रबराचं माहीत होतं. आमच्या स्टोअरमध्ये बोर्डच आहे तसा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "फॅक्टरीत बोर्ड हाय. मंग घरात का नाय लावलास, बाय?"

मी दोन्ही ठोकळे गोळा करायला लागले, तर त्यांनी हात आडवा केला. "र्‍हाऊ दे हितंच." आणि ते आत जाऊन झोपले. त्या दिवशी संध्याकाळी चहाला आले नाहीत. हाक मारली तर म्हणाले, "पडलोय जरा." मी दारातून दोनदा श्वास बघून आले. रात्री नवऱ्याला फोनवर गाडी ठीक झाली एवढंच सांगितलं.

पुढचे काही दिवस ते गाडीकडे फिरकले नाहीत. दलालाचा फोन आला, मी उचलला नाही. गाडी ठीक होती आणि घर मात्र ठीक नव्हतं. अशा वेळी यादी करता येत नाही. मी केळीचे घड मोजत वाडीतून उगाच फेऱ्या मारायचे.

मग एका सुट्टीच्या सकाळी आवाज आला, "गाडी चढवून दे गो."

सिमेंटच्या चढाजवळ ते पाटावर बसले होते. पंप शेजारी होता. आणि मांडीवर प्लास्टिकच्या लांब पट्ट्या कापून ठेवल्या होत्या, कलम बांधायला घेतात तशा. चिकूचं कलम करताना जोडावर पट्टी घट्ट गुंडाळतात, पाणी आणि माती आत जाऊ नये म्हणून. त्या कामात त्यांचा हात गावात नावाजलेला.

"लोखंडाला तर तेल लागतंच ना?" त्यांनी विचारलं.

"लागतं."

"मंग रबर बांधून घ्यायला होवं. झाडाला औषध मारताना मधाच्या पेट्या झाकतो का नाय आपण? तसं. दाखव कुठं कुठं हाय ते."

मी खाली उतरून एकेक रबर दाखवलं. त्यांनी एकेक बांधलं. हात पूर्वीसारखा स्थिर राहिला नाही, पट्टी दोनदा सुटली, मी पुढे झाले तर "तुजं नाय ते काम" म्हणून हात झटकला. पण पट्टी वरच्या पदराने खालचा पदर झाकत जात होती, जोडावर बांधतात अगदी तशी, थेंब आत जाणार नाही अशी. मग त्यांनी पंपाऐवजी ब्रश मागितला. "पानाखाली जायचं तर जाऊ, पण बघून जाऊ." बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर ठिपके कमी होते.

"झालं. तेल मुरलं की पट्ट्या सोड," म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांची तपासणी होती. पालघरच्या रस्त्याला लागलो आणि गाडीखालून आवाज यायला लागला. फट-फट-फट, वेगाबरोबर वाढणारा. माझा पाय आपोआप हलका झाला. डोक्यात यादी सुरू झाली. नवा सांधा? नवं टोपण? गॅरेजवाल्याने काही सैल ठेवलं? सासरे मान तिरकी करून ऐकत होते.

"पट्टी र्‍हायली," ते म्हणाले.

"सगळ्या सोडल्या मी."

"चालकाच्या अंगाची मागली. मी पाच बांधलेल्या, तू चार सोडल्या. कलमाची पट्टी टायमात नाय सोडली तर खोड आवळतं, म्हायती हाय ना?"

एका शिरीषाखाली गाडी थांबवली, रस्त्यावर वर्तमानपत्र पसरून मी खाली हात घातला. मागल्या चाकाजवळ पट्टीचं टोक लोंबत होतं. गाठ पक्की होती, सुटेना. खिडकीतून त्यांचा आवाज येत होता, "उलटी वढ. उलटी." उलटी ओढली तशी सुटली.

परत आत आले तेव्हा दलालाचा फोन वाजत होता. सासऱ्यांनी स्क्रीनकडे बघितलं आणि मग बाहेर शेताकडे. हात पुसून मी फोन घेतला आणि सांगितलं, फ्लॅट दुसऱ्या कुणाला दाखवा, आमचं नाही. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, गाडी चांगली चालते आहे.

सुटलेली पट्टी सासऱ्यांनी माझ्या हातातून घेतली, मांडीवर सरळ केली, घडी घातली आणि औषधाच्या बाटल्यांच्या मधे सारली, पुन्हा वापरायला. पुलाच्या चढावर मी पाय दाबला तेव्हा पिशवीतून काहीच वाजलं नाही.